वाया गेलेल्या वेताचा हिशेब

पांढरे उंदीर पाळणाऱ्यांना एक अनुभव कधी ना कधी येतोच. नर-मादी एकत्र ठेवली, मादी अंगाने भरली, २२ दिवस उलटले. पण पिल्ले नाहीत. पिंजऱ्यात मेलेले पिल्लूही सापडत नाही. मग ‘ही गाभण नव्हतीच’ असे आपण म्हणतो, किंवा तिला वांझ ठरवून मोकळे होतो. आमच्या प्रयोगशाळेच्या वहीतही पूर्वी अशा मादीपुढे नुसती फुली पडत असे. त्या फुलीमागे काय दडलेले असू शकते, हे शंभर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात उलगडले.

बर्कले येथील विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स व जोसेफ लाँग उंदरांच्या ऋतुचक्राचा अभ्यास करत होते. मादी दर ४-५ दिवसांनी माजावर येते. योनिमार्गातील पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, की माजाचा दिवस कळतो. शुक्रपेशी दिसल्या, की समागमाची खात्री पटते. गर्भ रुजला असेल, तर साधारण दोन आठवड्यांनी त्याच काचपट्टीवर तांबड्या रक्तपेशी दिसतात. या खुणेमुळे मादीला न मारता गर्भ रुजल्याचे ओळखता येऊ लागले. वेत फसला, तर नेमका कोणत्या टप्प्यावर फसला, हे आता विचारता येत होते.

इव्हान्स आणि कॅथरीन स्कॉट बिशप यांनी उंदरांना निवडक घटकांचे खाद्य दिले: केसीन, मक्याचा स्टार्च, डुकराची चरबी, लोणी, क्षार आणि यीस्ट. उंदीर छान वाढले. माद्या वेळेवर माजावर आल्या, गर्भ रुजल्याची खूणही मिळाली. वेत मात्र नाही! काही माद्यांचे विच्छेदन केल्यावर कारण दिसले. गर्भ रुजत, काही दिवस वाढत, मग मरून गर्भाशयातच शोषले जात. गाय गाभ टाकते तेव्हा ते आपल्याला दिसते. इथे बाहेर काहीच पडत नाही.

खाद्यात लेट्यूसची ताजी पाने घालताच माद्या व्यायल्या. पहिला संशय अर्थातच ‘क’ जीवनसत्त्वावर गेला, पण तो टिकला नाही. पुढे गव्हाच्या अंकुराचे थोडेसे तेलही पुरेसे ठरले. १९२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात या दोघांचा निबंध आला. अनोळखी घटकाला ते ‘एक्स’ म्हणत. १९२४ मध्ये बार्नेट शुअर यांनी ‘ई’ हे अक्षर सुचवले. १९३६ मध्ये इव्हान्स यांनी ग्लॅडिस व ऑलिव्हर इमर्सन यांच्यासह तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला. ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकांनी नाव दिले टोकोफेरॉल. ‘टोकोस’ म्हणजे अपत्यजन्म.

नरांचे दुखणे अधिक गंभीर निघाले. पुन्हा योग्य आहार मिळाल्यावर मादी सुधारते. नराच्या वृषणांची झालेली हानी मात्र भरून येत नाही. या नावामुळे माणसांतील वंध्यत्वावरही ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या बेधडक दिल्या गेल्या, हे आम्हांला पटत नाही. माणसात या जीवनसत्त्वाचा अभाव मुख्यतः मज्जातंतूंवर परिणाम करतो, आणि तोही क्वचित आढळतो.

बिशप पुढे संशोधन सोडून भूलतज्ज्ञ झाल्या. अनेक पाठ्यपुस्तकांत या शोधापुढे एकट्या इव्हान्स यांचे नाव असते. वर्गात सांगताना दोघांचीही सांगावीत.