ॲगॅपँथस
आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील, निळ्या व पांढऱ्या फुलांकरिता जगभर बागांत लावल्या जाणाऱ्या बहुवर्षायू ओषधींची एक प्रजाती. पूर्वी तिचा समावेश पलांडू कुलात करीत. आता ती मुसली कुलात अंतर्भूत केली जाते. जमिनीत जाड मूलक्षोड व मांसल मुळे, पट्ट्यासारख्या लांब पानांचा झुबका आणि उंच, पर्णहीन दांड्याच्या टोकास चामरकल्प फुलोरा, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. फळ बोंड प्रकारचे असून बिया काळ्या, चपट्या व सपक्ष असतात. इंग्रजीत तिला ‘नाईलची लिली’ म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि नाईल नदीशी तिचा काहीही संबंध नाही व काटेकोर अर्थाने ती लिलीही नव्हे.

डच ईस्ट इंडिया कंपनीने 1652 मध्ये केप येथे वसाहत केली व जहाजांना भाजीपाला पुरविण्यासाठी तेथे बाग उभारली. त्या वाटेने केपच्या वनस्पती हॉलंडमधील हौशी धनिकांच्या बागांत पोहोचू लागल्या. लायडनजवळ वारमाँट येथे हीरोनिमस व्हॅन बेव्हरनिंक यांच्या संग्रहात फुललेल्या ॲगॅपँथसचे वर्णन याकोब ब्राइन यांनी 1680 च्या सुमारास प्रसिद्ध केले. ते त्याला आफ्रिकेतील, निळ्या चामरकल्प फुलांचे हायसिंथ म्हणतात. 1692 पर्यंत हे झाड इंग्लंडमधील हँप्टन कोर्ट राजवाड्याच्या संग्रहातही आले होते. पुढे दीर्घकाळ ते मोठ्या कुंड्यांत लावून उन्हाळ्यात सज्जावर मांडणे व थंडीत संत्रागृहात हलविणे, हीच पद्धत राहिली. त्यामुळे ज्याच्याकडे संत्रागृह आणि कुंड्या वाहणारे नोकर, त्याच्याकडेच हे फूल, अशी स्थिती होती.

नावांचा गोंधळ हा या वनस्पतीच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग होय. लिनीअस यांनी 1753 मध्ये तिला ‘क्रायनम आफ्रिकानम’ म्हटले. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरित्ये यांनी लंडनमधील वास्तव्यानंतर सिद्ध केलेल्या ‘सेर्टम अँग्लिकम’ या ग्रंथात ‘प्रेम’ व ‘फूल’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून ‘ॲगॅपँथस’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली व जातीला ‘अंबेलेटस’ हे नाव दिले. लिनीअस यांचे जातिवाचक नाव आधीचे असल्याने हे नाव टिकू शकले नाही. परंतु रोपवाटिकांच्या सूचींतून ते विसाव्या शतकातही हटले नाही. दरम्यान पूर्व केप व नाताळकडील ‘प्रीकॉक्स’ ही अधिक जोमदार जाती बागांत आली आणि पहिलीच्याच नावाने विकली जाऊ लागली. आज ‘आफ्रिकानस’ या चिठ्ठीखाली मिळणारे रोप बहुधा ‘प्रीकॉक्स’च असते. खरी ‘आफ्रिकानस’ ही नैर्ऋत्य केपच्या फिनबॉस झुडपाळ भागातील, बेताच्या उंचीची जाती. वणवा गेल्यानंतरच्या हंगामात ती भरभरून फुलते, एरवी तुरळक. बागाइताच्या मशागतीला ती फारशी दाद देत नाही. जिच्या नावाने व्यापार चालतो ती बागेत जवळजवळ नाहीच, असे म्हणावे लागते.

मूळ प्रदेशातील लोकांची या वनस्पतीशी ओळख निराळी होती. खोसा भाषेत ती ‘इसिकाकाथी’ होय. गरोदरपणात तिच्या मुळ्यांचा औषधी उपयोग करण्याची व मुळ्यांची माळ घालण्याची चाल तेथे आहे. झाडाचा रस त्वचेला व तोंडाला दाहक असल्यामुळे हा उपयोग निर्धोक मानता येत नाही. डचांनीच प्रसिद्ध केलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ (12 खंड, 1678–93) या ग्रंथात रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तिघा वैद्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र छापले आहे. ॲगॅपँथसबरोबर मात्र तेथील माणसांचे शब्द युरोपात गेले नाहीत.

प्रजातीचा पहिला सविस्तर अभ्यास फ्रान्सिस लेटन यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केला व 10 जाती मानल्या. झोनेव्हेल्ड व डंकन यांनी 2003 मध्ये केंद्रकातील डीएनएचे प्रमाण, परागांचा रंग व जीवनक्षमता तपासून त्या 6 वर आणल्या. त्यांपैकी ‘आफ्रिकानस’ व ‘प्रीकॉक्स’ सदापर्णी असून ‘कँपॅन्युलेटस’, ‘इनॲपर्टस’, ‘कॉलेसेन्स’ व ‘कोडी’ या हिवाळ्यात पाने झडणाऱ्या आहेत. या दुसऱ्या गटामुळेच कुंडीतून झाडाची सुटका झाली. विसाव्या शतकाच्या मध्यास लुईस पामर यांनी कर्स्टनबॉश उद्यानातून (स्थापना 1913) आलेल्या बियांपासून विंचेस्टरजवळच्या हेडबोर्न वर्दी येथे रोपे वाढविली. त्यांची आपापसांत मुक्त संकरणे होऊन निवडलेली कणखर रोपे उघड्या वाफ्यांत थंडीला टिकली. ‘हेडबोर्न संकरज’ हे नाव पुढे कोणत्याही बीजोत्पन्न रोपाला लावले जाऊ लागल्याने त्याला आता फारसा अर्थ उरलेला नाही.

भरपूर ऊन व पाण्याचा उत्तम निचरा या मुख्य गरजा. बियांपासून फूल येण्यास साधारणतः तीन-चार वर्षे लागतात व रोपे मातृवृक्षासारखी निघतीलच असे नाही. म्हणून चांगले वाण मूलक्षोडाचे विभाजन करूनच वाढवितात. कुंडीत मुळे दाटली की झाड अधिक फुलते, हा समज अर्धाच खरा आहे. खत व पाणी न मिळाल्यास दाटीमुळे फुले कमीच होतात. भारतात निलगिरीसारखा थंड डोंगराळ प्रदेश या झाडाला अधिक मानवतो.

माडेराच्या रस्त्यांच्या कडा ॲगॅपँथसच्या निळ्या फुलांसाठी प्रसिद्ध आहेत. न्यूझीलंडमध्ये तीच वनस्पती स्थानिक झाडोऱ्याला दडपणारे तण ठरली असून, बी न धरणाऱ्या वाणांकडे तेथील पैदासकारांचे लक्ष वळले आहे. इंग्लंडमध्ये 2014 मध्ये कळ्या विद्रूप करणारी एक सूक्ष्म माशी प्रथम आढळली. 2016 मध्ये तिचे ‘एनिग्माडिप्लोसिस ॲगॅपँथी’ असे नामकरण झाले. तिच्या अळ्या मिटलेल्या कळ्यांच्या आत वाढतात, त्यामुळे फवारणीचा उपयोग होत नाही व बाधित फुलोरे काढून नष्ट करणे एवढाच उपाय माळ्याच्या हाती राहतो.