लाकडाचे रंगकाम : आधी जागा पाहा, मग छटा

दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगकामाची लगबग सुरू होते. भिंतींच्या रंगावर आठवडाभर खल होतो. दारे, खिडक्या आणि कपाटांचा निर्णय मात्र बहुधा पॉलिशवाल्यावर सोपवला जातो. भिंतीवरचा रंग मनासारखा नसेल तर त्यावर दुसरा हात मारता येतो. लाकडावर चढलेले चुकीचे पॉलिश मात्र खरवडूनच काढावे लागते. म्हणूनच छटा निवडण्याआधी त्या लाकडाला पाणी, ऊन आणि हाताळणी किती सोसायची आहे, याचा विचार व्हायला हवा.

पॉलिश की रंग?

सागवान, शिसव अशा लाकडांचे सौंदर्य त्यांच्या नैसर्गिक रेषांमध्ये असते. त्यांना पारदर्शक पॉलिशच शोभते. निरनिराळ्या जातींचे लाकूड एकत्र वापरले असेल, गाठी किंवा बुजवलेली भोके दिसत असतील, तर इनॅमलसारखा अपारदर्शक रंग उत्तम. व्हिनियर लावलेल्या प्लायवूडला पॉलिश चालते. एमडीएफला रेषाच नसल्याने त्याला रंग देणेच योग्य. तेलमिश्रित पांढरा इनॅमल अंधाऱ्या जागी कालांतराने पिवळसर पडतो, हेही ध्यानात असावे.

कोणते पॉलिश कुठे?

लाख पॉलिश हे सर्वांत जुने. लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून ती कापडाच्या बोळ्याने थरावर थर देत चढवली जाते. त्याची झळाळी उबदार असते आणि ओरखडा पडल्यास तेवढाच भाग पुन्हा दुरुस्त करता येतो. मात्र गरम कप ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते. त्यामुळे ते नक्षीदार जुन्या फर्निचरला द्यावे, जेवणाच्या टेबलाला नव्हे.

मेलामाइन पॉलिश अधिक कडक असते व ओलाव्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. घरातील दारे आणि कपाटांसाठी ते पुरेसे ठरते. लावताना त्याचा वास उग्र येतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात. पीयू, म्हणजेच पॉलियुरेथेन, त्याहून महाग. पण पाणी, उष्णता आणि घर्षण यांना ते अधिक टिकते. स्वयंपाकघर व जेवणाचे टेबल येथे हा खर्च सार्थकी लागतो. ऊन-पाऊस झेलणाऱ्या दारांसाठी मात्र बाहेरच्या वापराचे पीयू मागून घ्यावे. साधे पीयू उन्हाने पिवळे पडते.

चकाकी आणि छटा

तुकतुकीत चकाकी पुसायला सोपी. परंतु पृष्ठभागावरील प्रत्येक उंचसखलपणा ती उघड करते. मॅट थरात हे दोष झाकले जातात. दोहोंचा मध्य म्हणजे सॅटिन. छटा कार्डावर पाहून ठरवू नये. एकच स्टेन सागावर आणि प्लायवूडवर वेगळा दिसतो. त्याच लाकडाच्या तुकड्यावर शेवटच्या थरासह नमुना करून घ्यावा आणि तो दिवसाच्या उजेडात व रात्री दिव्याखाली पाहावा. लहान खोलीत गडद छटा जागा आणखी आकसल्यासारखी भासवते.

ओलाव्याचे गणित

दमट हवेत लावलेल्या लाख पॉलिशवर पांढुरकी झाक येते, म्हणून पावसाळ्यात हे काम टाळावे. फुगलेले दार घाईने रंधून घेतल्यास कोरड्या दिवसांत फट पडते. दाराच्या वरच्या व खालच्या कडा अनेकदा कोऱ्याच राहतात आणि तेथूनच लाकूड पाणी पिते. त्या कडांनाही थर देण्यास कारागिराला आवर्जून सांगावे.

जुना रंग खरवडताना

जुन्या घरांत सर्वाधिक सावधगिरी येथे हवी. पूर्वीच्या अनेक इनॅमल रंगांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारा-खिडक्यांवर मात्र जुने थर आजही असू शकतात. पॉलिश पेपरने ते कोरडेच घासले की शिशाची धूळ घरभर पसरते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस ती घातक असून, तिची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. म्हणून असा रंग ओला करूनच घासावा, कारागिराला योग्य मास्क द्यावा, जमिनीवर प्लास्टिक अंथरावे आणि काम संपल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. मुले व गर्भवती स्त्रिया यांनी तोवर त्या घरात थांबू नये. जुना थर घट्ट असेल, पोपडे सुटत नसतील, तर तो न खरवडता ओल्या हाताने हलकासा घासून त्यावरच प्रायमर व नवा रंग देणे अधिक सुरक्षित.

नवा रंग खरेदी करतानाही डब्यावर शिशाच्या प्रमाणाचा उल्लेख आहे का, हे वाचूनच पैसे मोजावेत. छटा आवडीची असावीच. पण तिच्याखालचा थर घराला मानवणारा असेल, तरच ती आवड वर्षानुवर्षे टिकते.