हौद्यातला संसार : पिकअप गाडी मुक्कामासाठी सजवताना

यवतमाळ, प्रतिनिधी

राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली. पुढे अनेक हंगामांत यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी खरेदी केंद्रांसमोरच्या रांगेत रात्री काढल्या. बंडीखाली अंथरूण, तीन दगडांची चूल आणि सोबत आणलेले पाणी एवढ्यावर त्यांचा मुक्काम भागत असे. वडकी, पांढरकवडा, पाटणबोरीवरून जाणाऱ्या महामार्गावर स्टोव्ह पेटवून भाजी शिजवणारे ट्रकचालकही याच परंपरेतले. जे त्यांनी गरजेपोटी केले, ते आता शहरी मंडळी हौसेने करू पाहत आहेत. पिकअपच्या हौद्यात झोपण्याची व स्वयंपाकाची सोय करून, विजेच्या तारांपासून दूर दोन-चार दिवस राहायचे, अशी ही कल्पना. पाश्चात्त्य देशांत अशा गाडीला ‘ट्रक कॅम्पर’ म्हणतात. राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. मात्र गाडीत किती सोयी बसवल्या, यावर सहल सुखरूप होणे अवलंबून नसते. ते कागदपत्रे, वजन, पाणी आणि विस्तव या चार गोष्टींवर ठरते.

आधी कागदपत्रे

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. त्यामुळे गॅरेजमध्ये हौद्यावर कायमची खोली वेल्डिंग करून घेणे महागात पडू शकते. उतरवून ठेवता येतील अशा पेट्या, सुटा पलंग आणि ताडपत्रीचे छत हा त्यातल्या त्यात कमी जोखमीचा मार्ग आहे. तरीही काम सुरू करण्यापूर्वी आरटीओ कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. गाडी चालू असताना हौद्यात कोणालाही बसवू नये. मालवाहू वाहनातून माणसांची ने-आण करण्यास मनाई आहे, शिवाय अपघातात सर्वाधिक इजा हौद्यातल्या माणसालाच होते.

वजनाचे गणित

माणशी रोजचे १० लिटर पाणी धरले, तर चौघांना दोन दिवसांसाठी ८० लिटर लागते. म्हणजेच ८० किलो वजन. त्यात ३० किलोच्या आसपासची लेड-अ‍ॅसिड बॅटरी, शिसवी किंवा लोखंडी पलंग, भांडी, शिधा आणि माणसे यांची भर पडते. हा हिशेब कागदावर मांडून तो गाडीच्या मंजूर भारक्षमतेशी ताडून पाहावा. जड वस्तू खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे असाव्यात. पाण्याची टाकी टपावर चढवली, तर वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. एका मोठ्या टाकीऐवजी २० लिटरचे चार कॅन घेतल्यास एक फुटला तरी बाकीचे पाणी वाचते.

विजेची सोय

पाच वॅटचे तीन एलईडी दिवे पाच तास, २० वॅटचा पंखा आठ तास आणि मोबाइल चार्जिंग असा खर्च धरला, तर रोज सुमारे ३०० वॅट-तास वीज लागते. १०० वॅटचे सौर पॅनेल विदर्भातील स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ४०० वॅट-तास देते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतील निम्मीच वीज वापरावी, अन्यथा तिचे आयुष्य घटते. तरीही दोन रात्री निघतात. फ्रिज हवा असेल, तर पॅनेल आणि बॅटरी दोन्ही दुप्पट धरावीत. ही बॅटरी इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी ठेवावी, नाहीतर सकाळी गाडी ढकलावी लागते. बॅटरीलगत फ्यूज अवश्य बसवावा.

स्वयंपाक बाहेरच

मागचा फाळका पाडला की त्याचाच ओटा होतो. लोखंडी चॅनेलवर सरकणारा मोठा खण केला, तर शेगडी, डबे आणि तवा एकाच ठिकाणी राहतात. पाच किलोचे गॅस सिलिंडर पुरेसे होते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूने हवेसाठी झरोका हवा. डिसेंबरच्या थंडीत कोळशाची शेगडी बंद हौद्यात नेऊन झोपणे जीवघेणे आहे. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही.

विदर्भात आलेल्यांना रोडग्यांचा मोह होणारच. जाडसर कणकेचे पदरी गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे आणि वरण व वांग्याच्या भाजीसोबत खायचे, यासारखे रानातले जेवण नाही. मात्र गोवऱ्या गावातून विकत घ्याव्यात, जंगलातले लाकूड तोडू नये. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनवणव्यांचा काळ मानला जातो. त्या दिवसांत जंगलाजवळ निखारा नकोच, गॅसवरच भागवावे. हिवाळ्यात बांधावर वाळलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग असतात आणि शेतात कापूस फुटलेला असतो. उडालेली एक ठिणगी कुणाची तरी वर्षभराची कमाई जाळू शकते. निघताना राखेवर पाणी ओतून ती ढवळावी आणि थंड झाल्याची खात्री करूनच गाडी सुरू करावी.

मुक्काम कोठे?

टिपेश्वर अभयारण्यात गाडी उभी करून रात्र काढता येत नाही. वाघ मात्र अभयारण्याच्या सीमेत थांबत नाहीत. राळेगाव-पांढरकवडा परिसरात टी-१ वाघिणीच्या हल्ल्यांत तेरा जणांचे बळी गेल्याचे सांगितले गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिला ठार करण्यात आले. त्यामुळे रानालगत उघड्यावर झोपण्याचे धाडस करू नये. शेतमालकाची परवानगी घेऊन वस्तीजवळ गाडी लावावी आणि खरकटे बंद डब्यात ठेवावे. पावसानंतर डांबरी किंवा मुरमाचा रस्ता सोडू नये. इथल्या काळ्या मातीत रुतलेली गाडी ट्रॅक्टरशिवाय सहसा निघत नाही. फावडे, दोर आणि दोन फळ्या सोबत असाव्यात.

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सर्वांत अनुकूल. पहिली रात्र मात्र घराच्या अंगणातच, घरातली वीज व नळ न वापरता काढून पाहावी. काय विसरले ते तिथेच कळते, आणि विसरलेली वस्तू आणायला दहा पावलेच चालावी लागतात.