अंतर १६० किलोमीटरचं, वेळ घाटाची

मुंबईचा विमानतळ आणि नाशिकजवळचं ओझर यांच्यातलं हवाई अंतर साधारण १६० किलोमीटर. विमान ते तासाभराच्या आत कापतं. तरीही मुंबई-नाशिक प्रवासाचा इतिहास ओझरच्या धावपट्टीवर घडला नाही, तो घडला कसारा आणि इगतपुरीमधल्या जेमतेम पंधरा किलोमीटरांत. त्याचे परिणाम पाहायचे तर घोटीत यावं. घाटमाथ्यावरच्या या बाजारगावाचं नशीब मुंबई किती लांब यावर ठरलंच नाही. घाट चढायला किती वेळ लागतो आणि चढून आलेला कुठे थांबतो, यावर ते ठरलं.

थळघाटाची, म्हणजे कसारा घाटाची, वाट फार जुनी. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या, क्षत्रपकाळातल्या उषवदाताच्या लेखात नाशिकजवळच्या गोवर्धनाबरोबर शूर्पारकाचाही, म्हणजे सोपाऱ्याचा, उल्लेख येतो. किनारा आणि घाटमाथा एकमेकांना किती आधीपासून ओळखत होते, हे त्यावरून कळतं. बैलांच्या तांड्यांच्या काळात प्रवास मजलांत मोजत, आणि घाटातली मजल सपाटीवरच्या मजलेशी कधी जुळत नसे. १८६५ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे घाट चढून गेली, तेव्हा हा जुना हिशेब मोडीत निघाला असं वाटावं. पण चढ होता दर ३७ फुटांना एक फूट. सुरुवातीला गाडीला घाटातल्या एका स्थानकावर थांबून उलट्या दिशेने निघावं लागे. विसाव्या शतकात ही उलटापालट गेली, १९३०च्या सुमारास विजेची इंजिनं आली. तरी कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिनं, जोडण्याचं काम राहिलंच. नाशिकमार्गे जाणाऱ्या मुंबई-दिल्ली राजधानीला पुढे-मागे इंजिनं लावून हा थांबा टाळला, तो २०१९ साली. म्हणजे दीडशे वर्षांत घाट तोच राहिला, कमी झाला तो थांबण्याचा वेळ.

ओझरचं विमान टिकलं नाही याचा दोष या मार्गाला देण्यावर मात्र एक आक्षेप रास्त आहे. डिसेंबर २०१७मध्ये सुरू झालेल्या एअर डेक्कनची अठरा आसनी विमानं मुंबई-नाशिक मार्गावर टिकली नाहीत, याला मुंबईत सोयीच्या वेळा न मिळणंही कारण होतं. दोष एकट्या मार्गाला कसा द्यायचा? तेही खरं. पण वेळा मिळाल्या असत्या तरी ओझर ते नाशिक शहर, मुंबईतली रहदारी आणि विमानतळावरची तपासणी हवेतल्या मिनिटांत धरलेलीच नव्हती. ग्रीसमधल्या कार्पाथोस आणि कासोस या बेटांमध्ये विमान जेमतेम पाचेक मिनिटं उडतं आणि तरी उपयोगी पडतं, कारण मध्ये समुद्र आहे. इथे मध्ये रस्ता आहे, गाडी आहे, आणि वाटेत घोटी आहे. शिवाय इगतपुरी तालुक्यातला भात आणि घोटीच्या गिरण्यांतला तांदूळ अठरा आसनी विमानातून जाणार नाही.

घाटाची अडचण शेवटी सुटली ती डोंगराच्या पोटातून. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि जवळपास आठ किलोमीटरच्या जोडबोगद्याने कसारा घाट बाजूला टाकला. मुंबईचं अंतर कमी झालं की घोटीचं भलं होणारच, असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की वाचलेला वेळ ज्याच्या गाडीत आहे त्यालाच मिळतो, आणि ती गाडी आता बाजारपेठेजवळ थांबतेच असं नाही. शिवाय समृद्धीवर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना परवानगी नाही, त्यामुळे घोटीतून मोटारसायकलवर कसाऱ्याला उतरणाऱ्याला घाट आजही पूर्वीइतकाच लांब पडतो.