न्हाणीतला बंब

यवतच्या आसपासची गुऱ्हाळं अजून धुरावतात. चुलाणात चिपाडं सारणारा माणूस दिवसभर जाळापाशी बसलेला असतो. याच गावांतल्या घराघरांत दुसरीही एक आग होती, न्हाणीपाशी उभ्या असलेल्या तांब्याच्या बंबातली. ती विझली आणि बंबाला भाव आला.

विलायतेत हेच झालं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिथल्या खात्यापित्या घरात शेकोटीभोवती केवढा सरंजाम असे! पितळी कठडा, चिमटा, फावडं, कोळशाची तांब्याची बादली, धग अडवायला भरतकामाचा पडदा. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर विषारी धुरकं दाटलं, १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. कोळसा हळूहळू घरांतून गेला आणि हा सरंजाम जुन्या वस्तूंच्या दुकानांत जाऊन बसला. आपल्याकडे देशावर शेकत बसायला वेगळी खोली कुणाला लागली नाही. आपली आग अंघोळीच्या कामाची.

बंबाची करामत पोटात आहे. बाहेरून तांब्याचं उभं पिंप, मधून आरपार नळी, नळीखाली जाळी, त्याखाली राखेची जागा. नळीत वरून गोवऱ्यांचे तुकडे, करवंट्या, बाभळीच्या काटक्या, हाताला येईल ते टाकायचं. आग मधे आणि पाणी चहूबाजूंनी, त्यामुळे थोडक्या जळणात घरादाराच्या अंघोळी उरकत. काही बंबांना पितळी तोटी असते. काहींत एका तोंडातून तांब्याभर गार पाणी ओतलं की दुसऱ्या तोंडातून तेवढंच कढत बाहेर येतं. रशियातल्या तुला गावी १७७८ पासून लिसित्सिन बंधूंच्या कारखान्यात घडलेल्या सामोवारातही मधल्या नळीची हीच युक्ती आहे. पण सामोवार दिवाणखान्यात मिरवला. बंब परसात, मोरीपाशी, काजळी अंगावर घेत राहिला.

पुणे भागात बंब म्हटला की कसब्यातली तांबट आळी आलीच. पेशवाईत कोकणातून आलेले त्वष्टा कासार तिथे स्थिरावले. पुढे मुंबई बंदरात विलायती तांब्याचे पत्रे उतरू लागले. १८५८ मध्ये रेल्वे पुण्याला पोचली आणि त्याच वर्षी यवतवरून दौंडच्या पुढे गेली. माल येणं-जाणं सोपं झालं. पत्रा वळवायचा, कडांना दाते पाडून ते एकमेकांत गुंतवायचे, सांध्यात डाख ओतायचा आणि मग मठारकाम: हातोडीचे एकसारखे ठोके. ते शोभेसाठी असतात असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ठोक्यांनी तांबं कडक होतं आणि पत्र्याला ताठपणा येतो. चकाकी हा वरचा नफा. पाणी अंघोळीचं, म्हणून कल्हईचा खर्चही नाही.

वर्षातून एकदा मात्र बंबाचा थाट असे. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी चिंच आणि राख लावून तो घासायचा, हळदकुंकू वाहायचं, गळ्यात झेंडूची माळ घालायची. पहाटे उटण्याच्या वासात त्याचा धूर मिसळे.

मग गॅस आला, विजेचा गीझर आला, गच्चीवर सौर पॅनेल चढलं. तांबं किलोवर विकलं जातं, त्यामुळे कितीतरी बंब मोडीत गेले. जे वाचले ते पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात दिसतात. घेणाऱ्यांत दोन जाती. एक जण त्याला लखलखीत पॉलिश करून भोक पाडतो आणि आत दिवा लावतो. त्याच्याबद्दल न बोललेलं बरं. दुसरा आधी वाकून नळीत बघतो. त्याचंच बरोबर आहे. जाळाचा मार खाऊन नळी आधी जाते, मग जाळी, आणि तोटी तर कुणीतरी केव्हाच बदललेली असते. दातेरी सांधा बोटाला लागतोय का, मठाराच्या खुणा हाताच्या आहेत की यंत्राच्या, हे चाचपावं. काजळी असली तर घासाघीस करायला हरकत नाही, पण नळीच नसेल तर पैसे पिंपाचेच द्यावेत.