धावणाऱ्यांची मंडळी : थोडा मागचा इतिहास

‘आपल्या सोसायटीचा धावण्याचा ग्रुप कसा सुरू झाला’ यावर दोन पानं लिहा, असं स्मरणिका समितीने मला सांगितलं. ग्रुप बारा-तेरा वर्षांचा, त्याला अर्धं पानही पुरे. पण बँकेत आयुष्यभर लेजरं चाळली. मागची शिल्लक पाहिल्याशिवाय आजचं पान माझ्याच्याने लिहवत नाही. म्हणून जरा मागे गेलो आणि थेट १९१९ सालच्या पुण्यात पोचलो.

पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ साली स्थापन झाला. सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष. १९१९ मध्ये जिमखान्याने मैदानी स्पर्धा घेतल्या. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेली बरीच पोरं शेतकरी घरातली होती. पायात काही नाही, शिकवणारा कोणी नाही, नियमांचा पत्ता नाही. टाटा इंग्लंडात शिकलेले, तिकडचे खेळ डोळ्यांनी पाहिलेले. या अनवाणी पोरांच्या वेळा पाहून ते चमकले, कारण युरोपातल्या धावपटूंच्या त्या फार मागे नव्हत्या. पुढच्या वर्षी बेल्जियममध्ये अँटवर्पला ऑलिंपिक भरणार होतं. तिथे हिंदुस्थानचा संघ जावा, हा विषय टाटांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याकडे काढला आणि तो तडीस नेला.

समित्या तेव्हाही आपल्यासारख्याच असाव्यात. शंभर मीटरसाठी किती वेळ लागला तर माणूस ऑलिंपिकला पात्र ठरेल, असं विचारल्यावर समितीतल्या एका मोठ्या सभासदाने ‘एक-दोन मिनिटं’ असं उत्तर दिल्याची गोष्ट सांगतात. हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा आणि सेकंदाच्या भागांचा असतो, हे कळल्यावर ते चाट पडले. आपल्या सर्वसाधारण सभेत लिफ्टच्या वजनमर्यादेवर झालेली चर्चा ज्यांना आठवते, त्यांनी या गृहस्थांना हसू नये.

तर संघ गेला. मूठभर माणसं, त्यांत दोन कुस्तीगीर. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. ती मॅरेथॉन आजच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब होती. जिंकले फिनलंडचे हॅनेस कोलेहमाइनेन, २ तास ३२ मिनिटांत. चौगुल्यांनी २ तास ५० मिनिटं घेतली आणि ते १९ वे आले. एकोणिसावा म्हणजे काय मोठं, असं आपल्या ग्रुपमधला एक तरुण म्हणाला. त्याला मी म्हटलं, बाबा रे, तू मागल्या महिन्यात एकवीस किलोमीटरला किती वेळ घेतलास ते आधी सांग.

मला यात चौगुल्यांइतकीच त्या जिमखान्याची गंमत वाटते. जिमखाना पांढरपेशांचा आणि धावणारे शेतकऱ्यांचे. मैदान एकाचं, पाय दुसऱ्याचे. अध्यक्षाने आपल्या सभासदांपलीकडे पाहिलं म्हणून पुढचं सगळं घडलं. नंतर मद्रासच्या वायएमसीएच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे हॅरी बक आणि डॉ. नोहरेन यांनी प्रांतोप्रांती संघटना उभ्या करण्यासाठी खटपट केली, १९२४ ला दिल्लीत अखिल भारतीय स्पर्धा झाल्या आणि १९२७ ला भारतीय ऑलिंपिक संघटना आली. पहिले अध्यक्ष अर्थात टाटाच.

आपल्या विदर्भात हे वेगळ्या वाटेने आलं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांचं पथक देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला जर्मनीला जाऊन आलं. आमच्या लहानपणी नागपुरातही व्यायामशाळा म्हणजे दंड, बैठका, मल्लखांब, लेझीम. धावणं हा त्यातला एक भाग, स्वतंत्र छंद नव्हे. मोठा माणूस रस्त्याने धावताना दिसला तर लोक विचारत, ‘काय झालं भाऊ, कोणाच्या मागे पळून राहिले?’

पन्नाशी-साठीच्या माणसांनी टोळकं करून नुसतं हळूहळू धावायचं, ही कल्पना फार अलीकडची. तिचा पत्ता न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा. आर्थर लिडियार्ड नावाचे प्रशिक्षक तिथे होते. पोटापाण्यासाठी त्यांनी बुटांच्या कारखान्यात काम केलं, घरोघरी दूधही पोचवलं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकलं. अशा माणसाने १९६२ मध्ये कोणाला हाताशी धरावं? पोट सुटलेल्या व्यापाऱ्यांना आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना! त्यांतून ऑकलंड जॉगर्स क्लब उभा राहिला. नियम सोपा : धावताना शेजाऱ्याशी बोलता आलं पाहिजे. बोलताना दम लागला तर वेग कमी करा. तोवर झटका आलेल्या माणसाने खुर्चीत बसून राहावं, हाच बहुतेकांचा सल्ला असे.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बोवरमन तिथे गेले. ते स्वतः पन्नाशीचे. या मंडळींबरोबर धावायला निघाले आणि मागे पडले. सत्तरी उलटलेल्या, हृदयविकारातून उठलेल्या एका आजोबांनी वेग कमी करून त्यांना सोबत दिली. बोवरमन परत गेले, १९६३ मध्ये आपल्या गावी लोकांना बोलावलं, तर काही आठवड्यांत इतकी गर्दी झाली की त्यांनाच धास्ती वाटली. मग त्यांनी एका हृदयरोगतज्ज्ञाला सोबत घेऊन नीट कार्यक्रम आखला आणि १९६७ च्या सुमारास पुस्तक लिहिलं. पुढे बूट बनवणाऱ्या नायकी कंपनीच्या संस्थापकांत त्यांचं नाव आहे. म्हणजे आपल्या नातवंडांच्या बुटांवर आपण जे हजारो रुपये घालवतो, त्यालाही ते आजोबा थोडेफार जबाबदार.

भारतात ही लाट उशिरा पोचली. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, पण मध्यमवर्गाला धावायला लावलं ते २००४ पासून सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने. तिला सुरुवातीला नाव एका बँकेचं होतं, हे नमूद करताना मला बरं वाटतं. २०१८ पासून त्या जागी टाटांचं नाव आलं.

आता आपलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी बी विंगमधल्या एका सभासदाची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, एकट्याला कंटाळा येईना म्हणून आम्ही चौघे सोबत जाऊ लागलो. आधी फुटाळ्यापर्यंत चालत, मग सेमिनरी हिल्सच्या चढावर थोडं पळत. उन्हाळ्यात पाचला निघायचं, कारण मे महिन्यात साडेसहाला नागपूर तापायला लागतं. लिडियार्डचं नाव आमच्यापैकी कोणी ऐकलं नव्हतं, पण गप्पा सुरू असेपर्यंतच पळायचं हा नियम आम्हीही आपोआप पाळला. फरक एवढाच की ते लोक परतल्यावर काय खात कोण जाणे, आम्ही तर्री-पोहे खायचो. नंतर महिला आल्या आणि ग्रुप खऱ्या अर्थाने टिकला. पुरुष पाऊस पडला की दांडी मारतात. महिला आदल्या रात्रीच निरोप पाठवून मोकळ्या होतात, की उद्या छत्री घेऊन का होईना, या.

पण खरा विषय वेगळाच आहे, आणि तो स्मरणिकेत यावा म्हणूनच मी लिहायला होकार दिला. चारेक वर्षांपासून मागच्या वस्तीतली पाच-सहा मुलं-मुली पहाटे आपल्याबरोबर धावतात. आपल्या वॉचमनची मुलगी त्यांतलीच. ही मुलं पोलीस भरतीची तयारी करून राहिली आहेत. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर घड्याळ लावून धावावं लागतं आणि तिथे एकेका सेकंदाला मार्क असतात. आपल्या आतल्या रस्त्याच्या साडेतीन फेऱ्या म्हणजे बरोबर ८०० मीटर. टेप धरून मी स्वतः मोजलं आहे. बाहेर रस्त्यावर पहाटे अंधार, कुत्री आणि भरधाव ट्रक.

गेल्या वर्षी समितीत हरकत आली, की बाहेरच्यांना गेटच्या आत धावू द्यायचं नाही. सुरक्षेचा मुद्दा आहे, कोणी पडलं-झडलं तर जबाबदारी कोणाची, हाही आहे. कोषाध्यक्षांचं म्हणणं मी टाकाऊ मानत नाही. सोसायटी सभासदांच्या पैशाने चालते. पण पडण्याची भीती धरायची तर सर्वांत आधी आम्हा सत्तरीच्या लोकांना बंदी करावी लागेल. आणि ज्या मुलीला आपण सगळे तिच्या जन्मापासून ओळखतो, जी सुट्टीत आपल्या नातवंडांना सांभाळते, ती पहाटे पाच ते सहा एवढाच एक तास ‘बाहेरची’ कशी होते?

तूर्त तडजोड अशी आहे : मुलांची नावं, पत्ता आणि घरच्यांचा फोन नंबर गेटवरच्या रजिस्टरमध्ये, वेळ पाच ते सहा, आणि आपला एक सभासद हजर. हा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत कायम होतो की रद्द, ते तुम्ही ठरवायचं आहे. सोमवार आणि गुरुवारी हजर राहण्याची पाळी माझी. स्टॉपवॉच माझ्याकडेच असतं. वॉचमनच्या मुलीने जूनपासून ८०० मीटरची वेळ ११ सेकंदांनी कमी केली आहे. आकडे तारीखवार लिहून ठेवलेत. कोणाला तपासायचे असतील तर ए विंग, तळमजला, संध्याकाळी सहानंतर.