वऱ्हाडचा कापूसबाजार आणि विक्रीचे स्वातंत्र्य

मुक्त अर्थव्यवस्थेचा विचार महाराष्ट्रात बहुधा मुंबईच्या उद्योगवर्तुळाशी जोडला जातो. वऱ्हाडात मात्र या विचाराची निकड व्यापाऱ्यापेक्षा कापूस पिकवणाऱ्याला अधिक भासली, कारण येथील बाजार प्रत्येक राजवटीने आपल्या गरजेप्रमाणे बांधला आणि त्या बांधणीत माल आणणाऱ्याचा विचार सर्वांत शेवटी झाला.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, तेव्हा या काळ्या जमिनीकडे सर्वाधिक लक्ष होते ते मँचेस्टरच्या गिरणीमालकांचे. हे शहर खुल्या व्यापाराच्या तत्त्वज्ञानाचे माहेरघर होते आणि इंग्लंडमधील धान्यावरील आयातकर १८४६ मध्ये उठवायला लावणारी चळवळ तेथूनच उभी राहिली होती. पण हिंदुस्थानच्या कापसाचा विषय निघाला की तेच गिरणीमालक सरकारने रेल्वे बांधावी, भेसळ करणाऱ्यांना शिक्षा करावी, असा आग्रह धरत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस येईनासा झाला आणि हा आग्रह अधिकच तीव्र झाला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी स्वतंत्र कापूस आयुक्त नेमला गेला, १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला, बडनेऱ्याहून अमरावतीला आणि जलंबहून खामगावला फाटे निघाले. १८६५ मध्ये युद्ध संपून भाव कोसळले तरी शेतातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे पीक, हटली नाही, कारण सारा आणि सावकाराचे देणे दोन्ही रोखीत फेडायचे होते.

देशातील नियंत्रित बाजाराचा, म्हणजे कायद्याने नेमलेल्या जागी समितीच्या देखरेखीखाली चालणाऱ्या बाजाराचा, आरंभही वऱ्हाडातलाच. १८८६ मध्ये कारंजा येथे असा बाजार सुरू झाला आणि १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने ती पद्धत इतर गावांनाही लागू करता येऊ लागली. त्याआधीचा व्यवहार साधारणपणे असा चाले: सकाळी बाजारात गाडीतला वरचा कापूस हातात घेऊन दलाल भाव ठरवी, गाडी जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, जाऊन रिकामी होऊ लागली की खालचा माल ओला किंवा पिवळा असल्याची तक्रार निघे, आणि गाडी पुन्हा भरून परत नेणे शेतकऱ्याला परवडणारे नसल्यामुळे भाव तेथेच उतरे, त्यातून पुन्हा अडत, म्हणजे दलालाचे शुल्क, तोलाई, हमाली आणि कडता, म्हणजे वजनातली सरसकट घट, वजा होई. कायद्याने तोलणारे आणि दलाल यांना परवाने आले, दर ठरले, पण समितीवर वर्चस्व व्यापाऱ्यांचेच राहिले. ज्याच्या संरक्षणाचे नाव घेतले गेले तो या रचनेत केवळ माल घेऊन येणारा होता.

या व्यवस्थेला सर्वस्वी वेगळे उत्तर तिवसा तालुक्यातील मोझरीहून आले. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये तेथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रामगीतेत गाव हाच अर्थव्यवहाराचा मूळ घटक मानला. गावाने श्रमदानाने आपली कामे करावीत, ग्रामोद्योग चालवावेत, कर्ज आणि व्यसन यांतून सुटावे, असा त्यांचा आग्रह होता. ही शिकवण बाजारवादी म्हणता येणार नाही, पण ती सरकारवादीही नाही, ही गोष्ट अभ्यासकांच्या नजरेतून अनेकदा निसटते. त्यांच्या मांडणीत स्वातंत्र्य म्हणजे शहर, सावकार आणि कचेरी या तिघांवरचे अवलंबन कमी होणे.

महाराष्ट्र राज्याने नेमकी उलट वाट धरली. १९७१ च्या कायद्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली, म्हणजे राज्यातला सगळा कापूस सरकारतर्फे पणन महासंघच घेणार, खाजगी खरेदीला आणि राज्याबाहेर नेण्याला बंदी. हेतू व्यापाऱ्याच्या लुटीतून सोडवण्याचा होता आणि मंदीच्या वर्षांत हमीभावाचा आधार खराही ठरला; परंतु खरेदी केंद्राबाहेर गाड्यांच्या रांगा, ग्रेडरची, म्हणजे प्रत ठरवणाऱ्या कर्मचाऱ्याची, मर्जी आणि चुकाऱ्यांना, म्हणजे पैसे मिळण्याला, होणारा विलंब हेही तिचेच रूप होते. शेजारच्या राज्यांत भाव चढला की कापूस रात्री सीमेपलीकडे जाई, तेथे उतरला की तिकडचा माल महाराष्ट्राच्या केंद्रावर येई आणि तोटा महासंघाच्या खात्यात साठे. एकाच पिकाला सीमेच्या दोन बाजूंना दोन भाव ठेवले की हे घडणारच होते. त्याला केवळ चोरटेपणा म्हणून झटकणे म्हणजे किंमत ही काय चीज आहे हेच न ओळखणे.

१९७९ मध्ये शेतकरी संघटना उभारणाऱ्या शरद जोशींनी या अनुभवाला सिद्धांताचे रूप दिले. निर्यातबंदी, झोनबंदी, म्हणजे ठरावीक क्षेत्राबाहेर माल नेण्याची मनाई, आणि लेव्ही, म्हणजे सक्तीची सरकारी खरेदी, यांद्वारे सरकार शेतमालाचा भाव पाडते, म्हणजे शेतीला मिळते ती उणे सबसिडी, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणूनच जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाला बहुतेक शेतकरी नेते विरोध करत असताना त्यांनी त्याचे स्वागत केले. मात्र १९९० च्या दशकात त्यांनी मांडलेल्या चतुरंग शेतीत, व्यापार आणि निर्यातीच्या जोडीने, घरच्या घरी प्रक्रिया करण्याची माजघर शेतीही होती आणि येथे ते मोझरीच्या विचाराजवळ येतात, हे त्यांच्या टीकाकारांइतकेच अनुयायांनीही फारसे ध्यानात घेतले नाही.

२००२ मध्ये खाजगी खरेदीला मुभा मिळाली आणि एकाधिकार नावापुरता उरला. पुढे वादाचा रोख बियाण्याकडे वळला: १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक सहन करणाऱ्या, परवानगी नसलेल्या जनुकबदल कापसाचे बियाणे उघडपणे पेरून तंत्रज्ञान निवडण्याचा हक्क सांगितला. कर्जाच्या प्रश्नाचे मूळ मात्र भावाच्या जुन्या वादातच आहे. जून २०२५ मध्ये शेतकरी नेते बच्चू कडू यांनी गुरुकुंजात कर्जमाफीसाठी अन्नत्याग आंदोलन केले, तेव्हा टीकाकारांना ती सरकारी खैरात मागण्याची आणखी एक आवृत्ती वाटली. जोशींच्या तर्काने पाहिले तर मुद्दाम पाडलेल्या भावामुळे जे कर्ज साचले, ते फेडण्याची जबाबदारीच वादग्रस्त ठरते. भाव असा पाडला जाण्याची उदाहरणे अलीकडचीही आहेत: मार्च २०१२ मध्ये जागतिक बाजारात मागणी असताना केंद्राने कापसाची निर्यात रोखली, आणि ती बंदी पुढे उठली तरी हंगामातला भाव त्यात गेला; ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ झाले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे वऱ्हाडातली वेचणी ऐन भरात असेपर्यंत. गिरण्यांसाठी दार उघडणे आणि शेतकऱ्यासाठी ते लावून घेणे, या दोन्ही गोष्टी एकाच सरकारच्या अधिसूचनांनी होऊ शकतात, आणि मँचेस्टरच्या काळापासून त्या तशाच होत आल्या आहेत.